आधी टरबूज, मग इटालियन

आमच्या गल्लीत नवा पोस्टमन आला की त्याला मोतीराम या नावानं कुणी घर दाखवत नाही. 'इटलीवाल्यांचं का? ते निळ्या गेटाचं,' असं सांगतात. निळं गेट माझ्या गेटाला लागून आहे आणि मधली भिंत कमरेएवढीच आहे, म्हणून या माणसाबद्दल लिहायचा पहिला हक्क माझा. शिवाय पुढं जे झालं त्याची काडी मीच लावली होती. तेव्हा लिहून काढायचं कामही माझ्याच गळ्यात.

मोतीरामभाऊ आता एकसष्ट वर्षांचे आहेत. अंगानं बारीक, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. आवाज असा की चिकलठाण्याला उतरणारं विमान आमच्या गच्चीवरून जाताना सगळी गल्ली बोलायची थांबते, भाऊ तेवढे थांबत नाहीत. जन्म पैठण रस्त्यावरच्या एका खेड्यातला, शिक्षण आयटीआय. चितेगावच्या एका बिस्किटाच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. इटलीला गेलेत का, तर नाही. विमानात तरी बसलेत का, तर तेही नाही. पण इटालियन बोलतात.

हे कसं झालं ते आधी सांगते.

एक्याण्णव साली त्या कारखान्यात बिस्किटं पुड्यात भरायचं मशीन इटलीहून आलं आणि ते बसवायला मागोमाग साल्वातोरे नावाचा माणूस आला. साहेबांनी त्याच्या दिमतीला इंग्रजी बोलणारे दोन इंजिनिअर दिले. अडचण एवढीच होती की साल्वातोरेला इंग्रजी येत नव्हतं. चौथ्या दिवशी इंजिनिअर कंटाळून आपापल्या टेबलावर गेले आणि पाना धरायला मोतीरामभाऊ उरले. आठ महिने दोघंच.

साल्वातोरे पालेर्मोचा. म्हणजे सिसिलीचा, इटलीच्या नकाशातल्या बुटाच्या टोकाशी जे बेट पडलंय तिथला. पोटासाठी वर बोलोन्याच्या मशीन कारखान्यात लागलेला, पण बोलणं गावचंच ठेवलेलं. भाऊ पहिला शब्द शिकले ते मनगटानं. नट आवळताना साल्वातोरे त्यांच्या हातावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, 'तांतिक्या.' जास्त फिरवलं की ओरडा, कमी फिरवलं तरी ओरडा. तिसऱ्या दिवशी भाऊंना उमगलं की तांतिक्या म्हणजे उलीसं. आपण नाही का म्हणत, मीठ उलीसं टाक.

मग त्यांना आणखी एक गंमत सापडली. साल्वातोरेचं क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसायचं. मशीन तयार झालं की इटलीतली बाकीची माणसं 'आहे तयार' या चालीनं बोलतात म्हणे. हा आपला 'तयार आहे', 'प्रोंता ए'. मशीन ज्या लाकडी खोक्यांतून आलं त्यांना तो चेष्टेनं 'ताब्बूतू' म्हणायचा, कारण त्याच्या गावी शवपेटीला तसं म्हणतात. मोहरमचे ताबूत लहानपणापासून बघितलेल्या माणसाला यावर काय वाटलं असेल? भाऊंनी साहेबांना विचारलं, तर कळलं की त्या बेटावर कधीकाळी अरबांचं राज्य होतं.

'मंग बरोबर हाये,' भाऊ म्हणाले. 'आपल्याकडं निजामाच्या राज्यात उर्दू-फारसी मुरली, त्यांच्याकडं अरबी. एकाच हापश्याचं पाणी निघालं की.'

तेव्हापासून भाऊंना इटली हा पैठणच्या पलीकडचा एखादा तालुका वाटतो.

पुढं कारखान्यात मशीनं वाढली तशी माणसं येत गेली. जेनोवाचा आला. ते बंदराचं शहर, आणि तिथं हमालाला 'कामाल्लो' म्हणतात. त्यानं ट्रकपाशी उभं राहून हाक मारली की आमचे हमाल आपलंच नाव निघाल्यासारखे वळायचे. बेर्गामोचा आला, तो अर्धे शब्द गिळून टाकायचा. नापोलीचा आला, त्याचं 'आत्ता'सुद्धा वेगळं. बेर्गामोवाला 'अदेस्सो' म्हणायचा, हा नुसतं 'मो' म्हणून मोकळा. भाऊंनी प्रत्येकाची वेगळी वही केली. शंभर पानी, पुठ्ठ्याची, वर बॉलपेननं गावाचं नाव आणि आत सगळं देवनागरीत. त्यात अआइई असा क्रम नाही. जो शब्द ज्या दिवशी ज्याच्या तोंडून पडला त्या दिवशी त्याच्या वहीत.

टरबुजाची भानगड या वह्यांतूनच निघाली. उन्हाळ्यात कॅन्टीनला टरबूज यायचं. साल्वातोरेनं पहिल्या वर्षी फोडीवर बोट ठेवून 'मुलूनी' सांगितलं, भाऊंनी लिहिलं. नंतर बेर्गामोवाला म्हणाला, छे, 'आंगूरिया'. भाऊंना वाटलं, दोघांपैकी एक जण टोपी घालतोय. तेवढ्यात नापोलीवाला 'मेल्लोने' म्हणाला, आणि कुणीतरी सांगितलं की रोमकडं 'कोकोमेरो' म्हणतात. भाऊ वही मिटून बसले. शेवटी कारखान्यातल्या पुण्याच्या मॅनेजरसाहेबांनी सोडवणूक केली, तीसुद्धा नकळत. ते फोड उचलून म्हणाले, 'अरे वा, आज कलिंगड.'

झालं. भाऊंच्या डोक्यात ट्यूब पेटली. एकाच मराठीत जर टरबूज आणि कलिंगड असेल, तर इटालियनचं काय घेऊन बसलात?

भाऊंचा मुलगा बुद्धभूषण वेरूळ-अजिंठ्याला पाहुण्यांची गाडी चालवतो. निवृत्त झाल्यावर, इटालियन पाहुणे असले की भाऊ त्याच्या पुढच्या सीटवर जाऊन बसू लागले. तिथं त्यांची कामाची पद्धत ठरलेली. आधी एक अक्षर बोलायचं नाही. दौलताबाद रस्त्याला टरबुजांचा ढीग दिसला की गाडी थांबवायची, फोड कापून पाहुण्याच्या हातात द्यायची आणि खुणेनं विचारायचं, तुमच्याकडं याला काय म्हणतात? मुलूनी आलं की पालेर्मोची वही, आंगूरिया आलं की बेर्गामो नाहीतर जेनोवा. मग त्या वहीतलं बोलायचं. टरबुजाचा हंगाम नसला तर मोबाइलमध्ये फोटो आहे. मी पाहिलाय. त्यांच्या लग्नाचा फोटो त्या मोबाइलमध्ये नाही, टरबुजाचा आहे. हे मी सत्यभामावहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'असू द्या बाई, टरबूज माझ्याहून गोडच हाये.'

असं सगळं सुखानं चाललं होतं. आणि सुखानं चाललेलं मला फार दिवस बघवत नाही.

फेब्रुवारीत आम्ही दोघी त्यांच्या गच्चीवर पापड वाळत घालत होतो. भाऊ कोपऱ्यात खुर्ची टाकून फोनवर इटलीशी बोलत होते. फोन ठेवल्यावर मी विचारलं, 'भाऊ, एवढं अर्धा तास काय चाललं होतं?'

'परवाचे पाव्हणे. घरी पोचले म्हणे.'

'आणि ते इटालियन होतं?'

'मंग काय होतं?'

'नाही, आम्हाला काय कळतंय. तुम्ही नुसत्या गुळण्या केल्या तरी आम्ही मान डोलावणार. या अख्ख्या कॉलनीत तुमचा पेपर तपासणारं आहे कोण?'

वहिनी हसल्या, मी हसले, खालून बुद्धभूषण हसला. भाऊ हसले नाहीत. ते उठले, एक पापड उलटा करून ठेवला आणि खाली गेले. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. गल्लीतल्या माणसानं 'इटली' म्हणून हाक मारावी यावर हा माणूस चौतीस वर्षं जगलाय, आणि आजवर खरोखरच कुणी तपासलं नव्हतं.

पुण्याच्या एका प्रवासी कंपनीचे दोन फोन आधी येऊन गेले होते. नोव्हेंबरपासून त्यांचे इटालियन गट आमच्या शहरात नियमित येणार होते. विमानतळापासून परत विमानतळापर्यंत गटासोबत राहील असा एक माणूस त्यांना हवा होता. अट एकच, त्यांची इटालियन शिकलेली मुलगी येऊन बोलणं तपासेल. भाऊ आतापर्यंत टाळत होते. पापडाच्या चौथ्या दिवशी त्यांनी बुद्धभूषणला सांगितलं, 'त्या कंपनीवाल्यांना कळव. परीक्षा देतो म्हणाव.'

'पप्पा, कायको टेन्शन लेताय?' बुद्धभूषण म्हणाला. 'गाडी आपली हाय, सीट आपली हाय.'

'सीटचं नाय रे,' भाऊ म्हणाले. 'मला येतं का नाय, ते एकदा कुणी तरी सांगू दे.'

हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. मुद्दाम नाही. भिंतच तेवढी आहे.

मुलगी आली. अपेक्षा तिचं नाव, सत्तावीस-अठ्ठावीसची, कुर्ता कडक इस्त्रीचा, मराठी त्याहून कडक. मीही साखर मागायला म्हणून तेव्हाच गेले आणि बसले. सत्यभामावहिनींनी माझ्याकडं असं पाहिलं की साखर तुमच्या घरात पोत्यानं असते. मी तिला गाव विचारलं. 'पुणे,' ती म्हणाली. मूळ गाव विचारलं. 'पुणेच.' भाऊंनी सवयीप्रमाणे टरबुजाची फोड पुढं केली, तर ती म्हणाली, 'थँक यू काका, मी कलिंगड खात नाही.' मग तिनं एक कागद काढला आणि इटालियनमध्ये सुरुवात केली.

मला अक्षर कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. ती स्वच्छ, सावकाश बोलत होती, बातम्या देणाऱ्या बाईसारखं. भाऊंनी आधी कपाळावरचा घाम पुसला आणि मग सुटले ते सुटलेच. ती पहिल्यांदा हसली, मग डोळे बारीक केले, मग चहाचा घोट घेतला आणि तो तिच्या नाकात गेला.

'काका,' ठसका थांबल्यावर ती म्हणाली, 'हा शब्द तुम्ही कुठं शिकलात?'

'कोन्ता, बेलीन? जेनोवाच्या वहीतला हाये. तो जेनोवावाला दर वाक्याला म्हणायचा.'

'तिथले लोक म्हणतात. पण पाहुण्यांसमोर नका म्हणू.'

'कामून?'

तिनं सत्यभामावहिनींकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्याच कानात अर्थ सांगितला. चांगलं हेरलं पोरीनं. तो अर्थ मला इथं लिहिता येणार नाही. पुरुषाच्या अंगाशी त्याचा संबंध आहे, एवढ्यावर समजून घ्या. मी तो वहिनींच्या कानात सांगितला, वहिनींनी पदर तोंडाला लावला, आणि भाऊंना न सांगताच कळला.

'तीन वर्षांमागं चर्चच्या दोन सिस्टर आल्या होत्या इटलीच्या,' ते हळूच म्हणाले. 'वेरूळला नेल्या होत्या. दिवसभर म्हणत होतो मी.'

यानंतर अपेक्षानं त्यांना एक छापील उतारा वाचायला दिला. भाऊंना मशीनवरच्या पाट्या वाचता येतात, उतारा नाही. पाच मिनिटांनी तिनं कागद परत घेतला. वाईट बोलली नाही, हे खरं सांगायला पाहिजे. म्हणाली, 'काका, तुम्ही एका वाक्यात चार इटली बोलताय. शब्द एका गावचा, क्रियापद दुसऱ्या गावच्या जागेवर, सूर तिसराच. इटलीत शाळेत शिकवतात ती भाषा ही नाही. मी कंपनीला कळवते.' कंपनीचा एक गट मात्र मार्चमध्येच येणार होता, आणि घरगुती जेवण म्हणून त्याचं एक जेवण यांच्याच घरी आधीच ठरलेलं होतं. ते ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी.

ती गेल्यावर भाऊंनी चारही वह्या एकावर एक ठेवल्या आणि पत्र्याच्या पेटीत टाकल्या. 'जेवण देऊ,' ते म्हणाले. 'बोलायचं बंद.'

'अहो पण...' वहिनी म्हणाल्या.

'येत नाय ते नाय. संपलं.'

आठ दिवस त्या घरात भाऊंचा आवाज नाही. गच्चीवरून विमान जायचं आणि विमानाचाच आवाज यायचा. मला जेवण गोड लागेना. मी भिंतीवरून दोनदा विषय काढला. एकदा म्हटलं, 'भाऊ, माझं इंग्रजी ऐकलंय का तुम्ही? त्यात तर एकही इंग्लंड नाही.' ते म्हणाले, 'वहिनी, तुमची चूक नाय. तुमी खरंच बोलल्या.' बघा, भांडले असते तर परवडलं असतं.

रविवारी अकरा इटालियन आले. मार्चचा दुसरा आठवडा, ऊन चढलेलं. अंगणात मांडव घातला होता, खाली सतरंज्या, म्हाताऱ्यांना खुर्च्या. मी आणि सत्यभामावहिनी चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत होतो. पिठलं, वांगं, ठेचा, वरणभात. भाऊ मागच्या ओट्यावर टरबूज कापत बसले होते, पाहुण्यांकडं पाठ करून. अपेक्षा अंगणात भाकरीची माहिती सांगत होती. सगळे हसून मान डोलावत होते, पण गट कसा बांधून ठेवल्यासारखा. आपापल्या ताटात बघून जेवत होते.

त्यात एक म्हातारा होता, ऐंशीच्या पुढचा, डोक्यावर कापडी टोपी. कालोजेरो त्यांचं नाव. त्यांनी ताटाला हात लावला नव्हता. अपेक्षा जवळ गेली तशी ते भरभर काही तरी बोलले. तिनं पाणी दिलं. त्यांनी मान हलवली. तिनं हात धुवायची जागा दाखवली. त्यांनी मान हलवली. तिनं औषधांची पिशवी उघडली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तेच पुन्हा म्हणाले, जरा जोरात. ती दुसऱ्या पाहुण्यांकडं वळली, तर त्यांनीही खांदे उडवले.

'काय झालं गं?' मी चुलीपासून विचारलं.

'काकू, त्यांची मुलगी पोट बिघडलं म्हणून हॉटेलवरच राहिलीय,' ती रडकुंडीला येऊन म्हणाली. 'रोज तीच त्यांचं बोलणं आम्हाला सांगते. आज काय म्हणतायत कळतच नाही. इथल्या चौघांना विचारलं, त्यांनाही अर्धंच कळतंय.'

मी मागं पाहिलं. ओट्यावर सुरी थांबली होती.

भाऊंच्या पाठीकडं बघून मला कळलं की यांना समजलंय. सत्यभामावहिनींनाही कळलं. त्यांनी हातावरचं भाकरीचं पीठ झटकलं आणि म्हणाल्या, 'टरबूज कापून झालं असंल तर पाव्हण्याला नेऊन द्या. ते काय बोलणं नाय.'

भाऊ उठले. एक फोड ताटलीत घेतली, अंगणात गेले आणि म्हाताऱ्यासमोर उकिडवे बसून पुढं केली. एक अक्षर बोलले नाहीत. म्हाताऱ्यानं फोडीकडं पाहिलं, भाऊंच्या मिशीकडं पाहिलं.

'मुलूनी,' म्हातारा म्हणाला.

भाऊंचा हात मिशीवर गेला. मग ते बोलले. अगदी हळू, चार शब्द. म्हाताऱ्यानं त्यांचं मनगट धरलं आणि असा धबधबा सुरू केला की विचारू नका, आणि त्यात मला चक्क ओळखीचा शब्द ऐकू आला, तांतिक्या.

'सत्यभामे,' भाऊ ओरडले, आठ दिवसांचा साठवलेला आवाज एकदम, 'उलीसा भात बांध. मऊ. तिखट नको, वर दही. यांची पोरगी तिकडं उपाशी हाये, हे इथं कसे जेवतील?'

बस, एवढंच होतं. बापाला घास गिळत नव्हता. बुद्धभूषण डबा घेऊन मोटारसायकलवर हॉटेलला गेला, तिथून फोन लावून मुलीचा आवाज बापाला ऐकवला, आणि कालोजेरोंनी डोक्यावर टोपी घालून तीन भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या. थापल्या मीच होत्या.

आता भाऊ कुठले थांबतात? ताटलीत फोडी घेऊन ते प्रत्येकापाशी गेले. 'आंगूरिया,' एक उंच गृहस्थ म्हणाले. 'कोकोमेरो,' त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या. या बाई फिरेंझेच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. उंच गृहस्थ म्हणाले, छे, आंगूरियाच. तिसऱ्यानं काही तरी भलतंच सांगितलं. सहा दिवस एका गाडीत मुकाट बसलेली ती अकरा माणसं टरबुजावरून अशी जुंपली की आमच्या गल्लीत नळाला पाणी आल्याचा भास झाला. भाऊ मधोमध उभे, एकाला एका वहीतलं उत्तर, दुसऱ्याला दुसऱ्या. वह्या पेटीत होत्या, पण त्या पाठ होत्या.

या गोंधळात एका सत्तरीच्या बाईंनी भाकरीबरोबर ठेचा तोंडात टाकला. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, 'बेलीन.'

भाऊंनी अपेक्षाकडं पाहिलं. अपेक्षानं जमिनीकडं पाहिलं. मी आणि वहिनींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि आम्हाला भाकरी उलटायचं भान राहिलं नाही.

'जेनोवा?' भाऊंनी बाईंना विचारलं.

'जेनोवा,' बाई पाणी पीत म्हणाल्या, आणि सगळे पाहुणे जे हसत सुटले ते मांडव हलेपर्यंत.

त्या फिरेंझेच्या मास्तरीण बाई मग अपेक्षाला जवळ घेऊन काही सांगत होत्या. मी लगेच विचारलं, काय म्हणतात. ती आधी टाळत होती. मी सोडते होय? शेवटी म्हणाली, 'त्या म्हणतात, तुझं इटालियन फार सुंदर आहे. आमच्या घरी असं कुणीच बोलत नाही.'

'मग घरी कसं बोलतात?'

'आपापलं.' ती भाऊंकडं बघत होती. 'काकांसारखं. फक्त एका वेळी एकच गाव.'

तिचा चेहरा जरा उतरला होता. दुपारभर उन्हात धावून दमलीही होती. वहिनींनी तिला बळंच बसवलं, ताट वाढलं. ती जेवली, बोटं चाटली, आणि ओट्यावरच्या शेवटच्या ताटलीकडं हात करून बुद्धभूषणला म्हणाली, 'दादा, ते टरबूज इकडं द्या ना उलीसं.'

मी भाकरी तव्यावर तशीच सोडली.

भाऊ वळले. फोड त्यांनी स्वतः उचलली आणि तिच्यासमोर तसेच उकिडवे बसले. 'कुठल्या हो ताई तुमी?'

अपेक्षा आधी गोंधळली. मग कळलं तशी हसायला लागली आणि हसता हसता तिची ती कडक इस्त्री गेली. 'सिल्लोड,' ती म्हणाली, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली. 'पुण्याला शिकायला गेले तेव्हा सगळे हसायचे माझ्या बोलण्याला. लई हसायचे. मग सोडलं.'

'आजी-आजोबा हायेत का गावाकडं?'

'आजी आहे. सारजाबाई. तिच्याशी फोनवर अजून तसंच बोलते. दार लावून.'

'दार कामून लावता?' भाऊ म्हणाले, आणि फोड तिच्या हातात दिली.

पाहुणे निघताना कालोजेरोंनी भाऊंना दोन्ही गालांवर चुंबन दिलं, त्यावरून पुढचे दोन महिने मी वहिनींना छळलं. गाडीत बसायच्या आधी अपेक्षानं पर्समधून तो परीक्षेचा कागद काढला. त्यावर तिनं आधी काय लिहिलं होतं हे मी वाचलं नाही असं म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही. 'वाचन येत नाही. प्रमाण भाषा येत नाही,' असं लिहिलं होतं, आणि दोन्ही तिनं तसंच ठेवलं. खाली लिहिलं, 'पाहुण्यांशी बोलतात.' मग भाऊंना म्हणाली, 'काका, लेण्यांची माहिती मी सांगणार, तारखा आणि राजे वगैरे. बोलायचं काम तुमचं. नोव्हेंबरपासून पुढची सीट तुमची. फक्त जेनोवाच्या वहीतला तो शब्द सोडून.'

गाडीच्या खिडकीतून जेनोवाच्या बाईंनी काय चाललंय ते विचारलं. अपेक्षानं सांगितलं. बाईंनी हात उडवून जोरदार हरकत घेतली, आणि हरकतीत तो शब्द दोनदा आला.

रात्रीच्या खरकट्या भांड्यांचा ढीग आम्ही दोघींनी मिळून संपवला. भाऊंनी पत्र्याची पेटी ओढली, चारही वह्या काढल्या आणि पुसून खिडकीत ठेवल्या. मग बुद्धभूषणला औरंगपुऱ्यात पिटाळून एक पाचवी वही आणवली होती, ती उघडली. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून वाकून पाहिलं. पहिल्या पानावर अपेक्षानं जाता जाता शिकवलेली पाच शुद्ध वाक्यं होती, बातम्यांसारखी. वर गावाचं नाव घालायची जागा. तिथं त्यांनी आधी 'पुणे' लिहिलं होतं. ते खोडून खाली ठळक लिहिलं होतं, 'सिल्लोड'.

'भाऊ,' मी म्हटलं, 'सिल्लोडची इटालियन कशी आहे मग?'

'लई शुद्ध,' भाऊ म्हणाले. 'जरा सैल कराया लागंल.'

तेवढ्यात वरून विमान गेलं. भाऊ वहीतलं मोठ्यानं वाचत राहिले.